हाक लांबून ऐकायची

माझ्या तान्ह्या लेकीचा, राहीचा, डावा मोजा माईकला आणि उजवा राहीला, अशी त्या दिवसांत आमच्या घरात वाटणी झाली होती. वारा माईकवर आदळला की नुसती खरखर ऐकू येते, म्हणून त्याला केसाळ टोपी घालतात. ती आमच्याकडे नव्हती. लोकरीचा मोजा मात्र बेतून शिवल्यासारखा बसला. माईक तरी आमचा कुठे होता? तो शेजारच्या माहीनचा. सदऱ्याला टोचायचा, बिनतारी, बोटाच्या पेराएवढा. तिच्या मेंदीच्या व्हिडिओंसाठी तिच्या नवऱ्याने, अफानने, मस्कतहून आणलेला. फोन माझ्या नवऱ्याचा, कारण माझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात राहीने नाचणीची पेज भरली होती. आवाज कापायचं-जोडायचं अॅप फुकटातलं. आणि स्टुडिओ म्हणजे आमचं गोधड्यांचं कपाट. दार उघडायचं, आत डोकं घालायचं आणि बोलायचं. गोधड्या आवाज पितात. घामही काढतात.

"कपाटात तोंड घालून कुणाशी बोलते गं ही?" पहिल्या दिवशी सासूबाईंनी ओरडून विचारलं होतं.

"सासूच्या चुगल्या सांगते," बाबा म्हणाले. "कपाट कुणाला बोलत न्हाय."

बाबा म्हणजे माझे सासरे, धर्माजी मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. पॉडकास्ट सुचला तोच मुळी त्यांच्यामुळे. आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीकाठी. गावाची निम्मी भातशेती खारजमिनीत आहे, म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीत. मध्ये फक्त मातीचा एक बांध. त्या बाजूला भरती, ह्या बाजूला भात. मी माहेरची पनवेलची, मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाळंतपणानंतर राहीला मांडीवर घेऊन पडवीत बसले की बाबा सांगायचे: उधाणाच्या भरतीत बांधाला भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात, खांड पडली की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हाक द्यायची, आणि हाक ऐकली की हातातलं टाकून सगळ्या गावाने धावायचं. सांगताना त्यांचे हात फावडं मारायचे. राही दूध सोडून बघत राहायची. तेव्हाच मनात आलं, हे असंच्या असं कुणाच्या तरी कानात घालायला हवं.

नाव ठेवलं 'बांधावरून'. माहीनने मेंदीच्या कोनाने कागदावर एक लाट काढली, तिचा फोटो झालं मुखपृष्ठ. दीड मिनिटाची झलक टाकली आणि तिच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, "पहिला भाग ह्या शनिवारी." चौदा जणांनी ऐकली. त्यातल्या तीन वेळा मीच.

आणि शनिवार खरंच शेवटचा होता. माझा नवरा अजित टगबोटीवर काम करतो. त्याची सुट्टी रविवारी सकाळी संपणार, म्हणजे फोन जाणार. सोमवारपासून मी अलिबागला वाचनालयात रुजू होणार, म्हणजे दुपारही जाणार. राही झोपते ती साडेबारा ते दोन, एवढाच दिवसातला माझा म्हणावा असा तुकडा. माझ्या ट्रंकेत अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टींचा एक कप्पा आहे: विणायला घेतलेला स्वेटर, पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचं एकच पुस्तक, चार पानांची कादंबरी. मला मी माहीत होते. ह्या शनिवारी भाग गेला नाही तर तो त्या कप्प्यात जाणार.

सगळं तयार होतं. माझं निवेदन झालं होतं, खाडीचा आवाज झाला होता, सासूबाईंनी जात्यावर बसून दोन ओव्याही म्हटल्या होत्या. अडलं होतं ते बाबांपाशी.

मोजा घातलेला माईक सदऱ्याला लावला की बाबांच्या अंगात सरकारी परिपत्रक शिरायचं.

"सदर खारबंदिस्ती ही ग्रामस्थांच्या सक्रिय सहभागातून उभी राहिली असून, तिचे जतन करणे हे प्रत्येकाचे आद्य कर्तव्य होय."

"बाबा, असं नको ना. पडवीत सांगता तसं सांगा."

"तसेच सांगत आहे."

"आहे नाही हो, हाय!"

ते चष्मा काढून पुसायला लागायचे. मंगळवारी असं, बुधवारी असं. गुरुवारी मी माईक लपवला, तर त्यांनी मोजा ओळखला. शुक्रवारी त्यांनी भाषण लिहूनच आणलं, दोन पानं, वर समास सोडून. मी ते निमूटपणे ध्वनिमुद्रित केलं. कपाटात पुन्हा ऐकताना मला रडू आलं. एवढं रसरशीत माणूस, आणि फोनमधून नुसता मानपत्राचा आवाज.

"तुझं काय जातंय?" माहीन म्हणाली. "तेच टाक. चौदा जण तर ऐकणार."

"त्यातली मीच तीनदा."

"मग काय, अकरा जण. त्यांना झोप लागेल चांगली."

मी तिला उशी फेकून मारली. पण शनिवारी साडेबाराला तिनेच राहीला स्वतःच्या घरी नेलं आणि म्हणाली, "जा, मास्तरांना बांधावर घेऊन जा. घरात ते मास्तरच राहणार. बाहेर काढ."

अमावास्या होती. भाद्रपदातलं उधाण, भरती पाऊणची. आम्ही पोचलो तेव्हा खाडी बांधाच्या कडेला टेकून उभी होती, जरा वाकलं तर बोट बुडवता येईल इतकी वर. ह्या बाजूला भाताला पोटरी आलेली, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. मधोमध बाबा, पांढरा सदरा, छातीवर राहीचा मोजा. मी फोन खिशात ठेवला, बटण चालू केलं आणि उगाच गवत उपटत बसले.

"बाबा, हाक कशी द्यायचे?"

"अशा प्रसंगी उच्च स्वरात ग्रामस्थांना आवाहन केले जात असे."

"म्हणजे कसं? हळू आवाजात दाखवा की नुसतं. कुणाला कळणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाडीकडे पाहिलं.

"ती हळू देता येत न्हाय."

न्हाय! फोन चालू आहे ना, हे बघायचीही हिंमत झाली नाही.

"का नाही येत?"

"हळू दिली तर ती हाक कसली? ती कुजबूज व्हायची. पोटातनं यावी लागते. बाप सांगायचा, आधी पाय रोव, मग तोंड उघड." असं म्हणत त्यांनी पाय रोवले. दोन्ही हात तोंडाशी नेले. मला वाटलं, नुसतं दाखवतायत.

"खांड गेली रेऽऽऽ! धावाऽऽऽ!"

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसात एवढा आवाज कुठे राहत असेल? माझ्या कानात दडे बसले. भातातले बगळे एकदम उठले. आवाज शेतावरून, ताडांवरून वाडीकडे गेला, आणि मग सगळीकडे अशी शांतता पडली की मला माझा श्वास ऐकू यायला लागला.

बाबा हात खाली घेऊन ओशाळं हसले. "अशी."

आणि वाडीतून उत्तर आलं.

"आलो रेऽऽऽ!"

"अगं बाई," मी म्हटलं.

"आयला," बाबा म्हणाले. हेही फोनमध्ये आहे.

पहिल्यांदा दिसले रावजीकाका. बाबांच्याच वयाचे, गुडघ्याला पट्टा, तरी फावडं खांद्यावर आणि लुंगी खोचलेली. त्यांच्या मागून पोरं, बाया. दुकानदार अल्पेशभाई रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन, मागे गल्ला उघडाच टाकून आलेले. सासूबाई हातात घमेलं घेऊन, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. आणि माहीन! पायात चप्पल नाही, एका कडेवर झोपेतून उठलेली राही, दुसऱ्या हातात कुदळ. रेवदंड्याहून येणारी एक रिक्षाही रस्त्यावर थांबली आणि तिच्यातून दोन अनोळखी माणसं शेतात उतरली. पन्नास-साठ माणसं तरी असतील. कुणी काही विचारत नव्हतं. सगळे नुसते धावत होते, बांधाकडे, आमच्याकडे.

मला हसू येत होतं, भीती वाटत होती आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. सगळं एकदम.

रावजीकाका धापा टाकत बांधावर चढले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बांध ठणठणीत.

"मास्तर, खांड कुठं हाय?"

बाबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता परिपत्रक येणार.

"न्हाय रे. सुनेच्या मोबाईलात हाय."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सासूबाईंना कळलं.

"मोबाईलात?" त्यांनी घमेलं खाली आपटलं. "माझी भाकर तव्यावर हाय तिकडं! आता कोळसा झाली असंल! सत्तरी ओलांडली तरी अक्कल न्हाय माणसाला, आणि ही दुसरी, मोजा घालून फिरते!"

"धंधानो टाइम छे, मास्तर," अल्पेशभाई पोती खाली टाकत म्हणाले. "गल्लो उघाडा हाय माझा."

"तुझा गल्ला कोण चोरणार? सगळं गाव इथं हाय," कुणीतरी म्हणालं, आणि मग जो हशा पिकला तो पिकला. शिव्याही पडल्या. मी सगळ्यांची माफी मागत फिरत होते आणि मला कुणी ऐकत नव्हतं.

हसले नाहीत ते फक्त बाबा. ते बांधावर उकिडवे बसले होते.

"तीस वर्षांवर झाली हाक देऊन," ते रावजीकाकांना म्हणाले. "मला वाटलं, गाव विसरलं असंल. पोरांना तर ठाऊकच न्हाय. आणि आता ही खोटी दिली. उद्या खरी गेली तर? येणार व्हय कुणी?"

रावजीकाका गुडघ्याचा पट्टा सैल करत त्यांच्या शेजारी बसले. "परत दे. परत येऊ. शिव्या घालू, पण येऊ."

बाबा त्यानंतर तासभर बोलत होते. माईक त्यांच्या छातीवर आहे हे ते विसरले होते, आणि मी आठवण केली नाही. लोक बांधावर ओळीने बसले, भरती उतरायला लागली आणि बाबा आपल्या बापाबद्दल बोलले. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"गावात हाळी द्यायचं काम आमच्या घराकडं होतं. पिढ्यान्‌पिढ्या. कुणाच्या घरचं काय असंल, सरकारचं काय असंल, बापानं ओरडत फिरायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि बापानं सांगितलं, आजपासून हाळी बंद. बंद म्हणजे बंद. मग कुळकायद्यात ही खाराची दोन एकर आली आमच्या नावावर. त्याच्या पुढच्या वर्षी उधाणाला बांध फुटला, आणि पहिल्यांदा पाहिला कुणी? माझ्या बापानं. त्यानं दिली हाक. गाव धावलं, खांड बुजली. नंतर एक जण खवचटपणानं म्हणाला, 'काय रे, तू तर हाळी सोडली होतीस ना?' बाप म्हणाला, 'हाळी सोडली. ही हाक हाय. हाळी दुसऱ्याच्या कामाची असते. ह्या बांधाच्या आत माझं पण भात हाय.'"

रावजीकाकांनी फावडं बांधावर आडवं ठेवलं. 

"तवापासून रीत पडली," बाबा म्हणाले. "ज्याला दिसंल त्यानं हाक द्यायची. जातगोत न्हाय. पुढच्या साली पाटलानं दिली, तवा माझा बाप धावला." मग ते माझ्याकडे वळले. "मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलो तवा माझ्या 'न्हाय'ला हसायची पोरं. तवापासून जीभ इस्त्री करून ठेवली बघ. चुरगळायला जीव होत न्हाय."

घरी येताना मी चालत नव्हते, उडत होते. दोन वाजून गेलेले. राही पुन्हा झोपणार नव्हती, तिला सासूबाईंनी घेतलं (भाकरीचा खरंच कोळसा झाला होता). मी कपाटात शिरले, कानाला इयरफोन लावले आणि हाक शोधली.

ती तिथे नव्हती.

म्हणजे होती, पण फाटलेली. माईक बाबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि आवाज गाव हलवणारा. पडद्यावर आवाजाच्या जिथे डोंगर-दऱ्या दिसायला हव्यात, तिथे खरवसाच्या वडीसारखा कापलेला सपाट ठोकळा. ऐकायला गेलं तर नुसतं कर्रर्र. मी आवाज कमी करून पाहिला, हे गाळून पाहिलं, ते गाळून पाहिलं. ठोकळा ठोकळाच राहिला. बाकी तासाभराचं बोलणं स्वच्छ होतं, अगदी "आयला"सुद्धा. पण ज्या हाकेची सगळी गोष्ट, ती हाकच नाही. आणि पुन्हा द्या असं कोणत्या तोंडाने म्हणणार? रावजीकाका आले असते. गुडघ्यासकट.

माहीन आली तेव्हा मी गोधड्यांत तोंड खुपसून बसले होते.

"काय गं, मेलं का कुणी?"

मी तिला ऐकवलं. तिने इयरफोन काढला आणि कपाळावर हात मारला. "या अल्लाह. थांब, थांब. तो मस्कतचा माणूस मघापासून मला वीस वेळा फोन करतोय. 'कुठली खांड, कुठली खांड' करत. मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. त्याला कसं कळलं?"

आम्ही दोघींनी तिचा फोन एकदमच ओढला.

दुपारी पाऊणच्या सुमाराला माहीन राहीला पाळण्यात घालून अफानसाठी निरोप बोलत होती. बोट बटणावरून सरकून मुद्रण चालूच राहील असं कुलूप लागलं होतं, आणि फोन ओढणीत खोचून ती धावली होती. सव्वाचार मिनिटांचा निरोप, बांधावर फोन ओढणीतून काढताना बोट लागून मस्कतला गेलेला.

आम्ही एकेक इयरफोन कानात घातला.

आधी पाळण्याची कडी. करकर, करकर. माहीनचा आवाज, "...तर दूधवाला म्हणतो की म्हशीच आटल्या, मी म्हटलं..." आणि मग, लांबून, वाऱ्यावरून, घराच्या भिंतीपलीकडून, बारीक पण सुरीसारखी स्वच्छ:

खांड गेली रेऽऽऽ. धावाऽऽऽ.

पाळण्याची कडी थांबली. एक श्वास. "या अल्लाह, खांड!" भांडं पडलं. शेजारी कुणाचं तरी दार. माझ्या लेकीचं झोपेतून उठतानाचं "उं?" मग अनवाणी पावलं, आधी दोन, मग चार, मग मोजता न येणारी, आणि रावजीकाकांचं "आलो रेऽऽऽ".

माहीनने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. आठवडाभर मी माईक बाबांच्या तोंडाजवळ नेत होते. हाक तोंडाजवळ ऐकायची गोष्टच नव्हती. ती ज्याच्यासाठी दिली, त्याच्या घरात ऐकायची होती.

"अफान काय म्हणतोय?" मी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "'दुकानात बसलो होतो. ऐकलं आणि उभा राहिलो. गिऱ्हाईक विचारतंय काय झालं. बांध बरा आहे ना?'"

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण वेगाने. माहीनने तो निरोप अजितच्या फोनवर पाठवला, मी म्हशींचं वाक्य अर्ध्यावर कापलं, हाक जोडली, पावलं जोडली, पावलांखाली खाडी हळूच वर आणली आणि तिच्यातून बाबांचं "हाळी सोडली, ही हाक हाय" बाहेर काढलं. परिपत्रकाची दोन पानं मी ठेवली नाहीत. त्या भाषेतलं बांधावरचं एकच वाक्य ठेवलं, "उच्च स्वरात ग्रामस्थांना आवाहन केले जात असे," आणि त्याला लागून ती हाक. माहीन हसून हसून गोधडीवर आडवी झाली. अजित अलिबागहून आला, बोटीवर न्यायचं सामान भरता भरता दोनदा डोकावला आणि चहाचा कप कपाटात ठेवून गेला.

दिवेलागणीला भाग तयार झाला. टाकण्याआधी बाबांना ऐकवायचं ठरलं होतं. ते पडवीत खुर्चीवर ताठ बसले, निकाल ऐकायला बसावं तसे. राहीला मांडीवर घेतलं. मी त्यांच्या दोन्ही कानांत इयरफोन घातले आणि चेहऱ्याकडे बघत राहिले.

पाळण्याच्या कडीला ते हसले. मग हाक आली. मला ती ऐकू येत नव्हती, तरी नेमकी कधी आली ते कळलं. त्यांची मान हळूहळू वाडीकडून बांधाकडे वळली. त्यांनी आयुष्यात चार-पाचदा ती हाक दिली असेल, बापाची ऐकली असेल. पण स्वतःची हाक घरात बसून कशी येते, हे कुणाला कधी कळतं?

"लांबून येतंय!" बाबा ओरडले. कानांत इयरफोन असले की आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही. "रचना! लांबून येतंय गं! सगळी धावताना ऐकू येतायत!"

राहीने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आजोबांच्या सुरात सूर मिसळला. "आऽऽऽ!"

मी फोन घेतला आणि बटण दाबलं. 'बांधावरून', भाग पहिला. पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत सरकत टोकाला गेली आणि गेला तो. माझ्या ट्रंकेतल्या कप्प्यात न जाता, बाहेर गेला.

कुंपणापलीकडे दार वाजलं. रावजीकाका अंगणात आले होते, लुंगी खोचत, हातात फावडं.

"मास्तर," त्यांनी तिथूनच विचारलं, "ही हाक खरी का मोबाईलातली?"